ढेकूण कोणी आणला?

२०२२ च्या पावसाळ्यात पुण्यातल्या आमच्या फ्लॅटवर चौथा रूममेट राहायला आला. बीड जिल्ह्यातला, पहिलीच नोकरी. सामान म्हणजे एक बॅग, कंपनीचा लॅपटॉप आणि आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली एक गोधडी.

तीन आठवड्यांनी माझ्या दंडावर एका ओळीत तीन लाल गांधी उठल्या. आधी वाटलं डास. मग वाटलं मेसच्या जेवणाची ॲलर्जी. मग एका रात्री दोन वाजता खाजेने जाग आली, मोबाइलचा टॉर्च लावला, तर उशीच्या अभ्र्यावरून मसुराच्या डाळीएवढं काहीतरी लगबगीने शिवणीकडे चाललं होतं. चिरडलं तर पांढऱ्या कापडावर रक्ताचा डाग पडला. ते रक्त अर्थात माझंच होतं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये बैठक बसली. प्रश्न एकच: ढेकूण कोणी आणला? आम्ही तिघे दीड वर्ष तिथे राहत होतो आणि कधी काही झालं नव्हतं. तो आला आणि ढेकूण आले. त्यात ती गोधडी. तो म्हणाला, "पण मला तर एकदाही चावला नाही." आम्हाला त्यातही पुरावाच दिसला. "तुला सवय असेल," असं कोणीतरी म्हणालं. ते कोणीतरी म्हणजे मी.

त्याने वाद घातला नाही. संध्याकाळी गोधडी गुंडाळून सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्याजवळ ठेवून आला. महिनाअखेरीस त्याने दुसरीकडे खोली बघितली.

हा लेख ढेकणाच्या इतिहासाबद्दल आहे. तो इतिहास मी वाचायला घेतला तो फक्त ढेकूण जावेत म्हणून. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं, की आमच्या हॉलमधली ती बैठक गेली दोनेक हजार वर्षं जगात कुठे ना कुठे चालूच आहे.

राजाच्या पलंगावर

पंचतंत्रात ढेकणाची एक गोष्ट आहे. एका राजाच्या पलंगात मंदविसर्पिणी नावाची ऊ राहत असते. राजा गाढ झोपला की हळूच रक्त प्यायचं आणि परत चादरीच्या घडीत जायचं, असा तिचा वर्षानुवर्षांचा शिस्तशीर संसार. एक दिवस तिथे अग्निमुख नावाचा ढेकूण पाहुणा येतो. संस्कृतात ढेकणाला मत्कुण म्हणतात. राजाचं रक्त चाखायची त्याची फार इच्छा. ऊ त्याला बजावते, की राजाला झोप लागेपर्यंत थांब. पण त्याला धीर धरवत नाही. राजा जागा असतानाच तो चावतो. राजा ओरडतो, सेवक दिवे घेऊन धावत येतात, पलंग शोधतात. ढेकूण केव्हाच लाकडाच्या फटीत शिरलेला असतो. चादरीच्या घडीत सापडते ती ऊ, आणि मारली जाते तीही ऊच.

तात्पर्य: अनोळखी माणसाला घरात थारा देऊ नये.

लहानपणी आपण गोष्ट वाचतो, तात्पर्य पाठ करतो आणि पुढच्या पानावर जातो. पण पंचतंत्रात प्रत्येक गोष्ट कोणीतरी कोणाला तरी सांगत असतं. ही गोष्ट सांगणारा आहे दमनक, ऐकणारा आहे पिंगलक सिंह. पिंगलकाची संजीवक नावाच्या बैलाशी मैत्री झालेली आहे. संजीवक बाहेरून आलेला आहे. त्याने कोणाचं काहीही वाकडं केलेलं नाही. दमनकाला ती मैत्री तोडायची आहे, म्हणून तो ढेकणाची गोष्ट सांगतो. शेवटी सिंह त्या निरपराध बैलाला मारतो.

म्हणजे आपल्याकडची ढेकणाची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट ही मुळात एका पाहुण्याविरुद्ध रचलेल्या कटातलं हत्यार आहे.

मराठीत तर ढेकूण म्हणजे कुसंगतीचं उदाहरणच. तुकाराम महाराजांच्या नावावर असलेल्या एका अभंगात साधूला नडणाऱ्या वाईट सोबतीसाठी ढेकणाचाच दृष्टांत आहे. ढेकूण लागला तर हिऱ्यालाही तडा जातो, ही जुनी समजूत त्यात येते. हिऱ्याचं काही होत नाही हे आपल्याला माहीत आहे. पण समजुतीतला धागा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ढेकूण हा इथे नुसता किडा नाही. तो दुसऱ्याकडून लागणारा डाग आहे.

तो आधी गुहेत होता

खरा ढेकूण कसा आहे ते आता बघू. जगात माणसाच्या घरात राहणाऱ्या ढेकणांच्या मुख्य जाती दोन. थंड प्रदेशात प्रामुख्याने सायमेक्स लेक्च्युलॅरियस आणि आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात सायमेक्स हेमिप्टेरस. पूर्ण वाढलेला ढेकूण साधारण पाच मिलिमीटरचा. पंख नाहीत, उडी मारता येत नाही. रक्ताशिवाय दुसरं अन्न नाही. अंड्यातून बाहेर पडल्यावर तो पाच वेळा कात टाकतो आणि दर वेळी कात टाकण्याआधी त्याला एकदा पोटभर रक्त लागतं. पाच-दहा मिनिटांत जेवण उरकून तो फटीत परत जातो. मग कित्येक दिवस बाहेर येत नाही. उपाशी राहायची वेळ आली तर महिनोन् महिने तगतो.

आपण श्वास सोडतो तो कार्बन डायऑक्साइड आणि आपल्या अंगाची ऊब, यांच्या वासावर आणि मागावर तो येतो. कचरा, खरकटं, धूळ यांच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. झुरळ स्वयंपाकघरातल्या उष्ट्यावर जगतं, ढेकणाला उष्टं चालत नाही. लखलखीत पुसलेल्या फरशीच्या घरातही त्याला हवं ते सगळं असतं: झोपलेला माणूस आणि जवळपास एक फट.

या कुळाचे कीटक माणसापेक्षाच काय, वटवाघळांपेक्षाही जुने आहेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानुसार ढेकणांचं कूळ सुमारे साडेअकरा कोटी वर्षांपूर्वीचं आहे, म्हणजे डायनासोरच्या काळातलं. आपल्या अंथरुणातल्या ढेकणाचे भाऊबंद आजही युरोपात वटवाघळांवर जगतात. आपले पूर्वज गुहांच्या आश्रयाला गेले तेव्हा छताला लटकलेल्या वटवाघळांचे ढेकूण खाली माणसांवर आले, असं संशोधक मानतात. इजिप्तमध्ये अमार्ना इथे कामगारांच्या वस्तीच्या उत्खननात ढेकणांचे अवशेष सापडले आहेत. ते सव्वातीन हजार वर्षांहून जुने आहेत.

त्यामुळे "ढेकूण कोणी आणला?" या प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर असं: आपण सगळ्यांनीच, गुहेतून बाहेर पडताना.

लंडनची लाकडं आणि टिफिन साहेब

पण हे उत्तर कोणालाच नको असतं. प्रत्येक शहराला आपला ढेकूण बाहेरून आलेला हवा असतो.

इंग्लंडमध्ये १५८३ सालची एक नोंद आहे. लंडनजवळ मॉर्टलेक इथे दोन खानदानी स्त्रियांच्या अंगावर लाल डाग उठले. त्या घाबरल्या, प्लेगच आला म्हणून डॉक्टरला बोलावणं गेलं. डॉक्टर थॉमस पेनी यांनी कारण शोधलं तर निघाले ढेकूण. म्हणजे सोळाव्या शतकात ढेकूण इंग्लंडमध्ये होतेच, आणि तेही बड्या घरात.

तरीही १७३० साली जॉन साउथॉल नावाच्या माणसाने लंडनमध्ये ढेकणांवर एक छोटं पुस्तक छापलं, त्यात त्याने दोष टाकला परदेशी लाकडावर. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर शहर पुन्हा बांधायला बाहेरून लाकूड आलं आणि त्याबरोबर ढेकूण आले, असं त्याचं म्हणणं. साउथॉल स्वतः ढेकूण मारायचं औषध विकायचा. त्याची कृती आपल्याला जमैकामध्ये एका वृद्ध कृष्णवर्णीय माणसाकडून मिळाली, असं तो सांगतो. ढेकूण परदेशी आणि औषधही परदेशी, फक्त दुकान लंडनचं.

एकोणिसाव्या शतकात हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या कष्टकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यात एक मुलाखत 'टिफिन अँड सन' या ढेकूण मारणाऱ्या पेढीच्या मालकाची आहे. आपल्याला नावावरून डबेवाले वाटतील, पण यांचा धंदा ढेकणांचा आणि गिऱ्हाईक फक्त उच्चभ्रू. राजघराण्याचं कामही त्यांच्याकडे. राजकन्या शार्लटच्या पलंगात आपल्याला ढेकूण सापडल्याचा किस्सा टिफिन साहेब सांगतात. पंचतंत्रातला राजाचा पलंग इथे खराखुरा समोर येतो.

श्रीमंतांकडे ढेकूण होते, पण टिफिन साहेबही होते. गरिबांकडे फक्त ढेकूण होते. हा फरक महत्त्वाचा आहे. ढेकूण गरीब बघून येत नाही. पण त्याला हाकलायला पैसे लागतात, जागा लागते, सगळं फर्निचर एकदम बाहेर काढायची सोय लागते. एका खोलीत दहा माणसं झोपत असतील तर गादी बदलायची कुठून? मुंबईच्या गिरणगावात एकाच खोलीत कितीतरी कामगार पाळीपाळीने झोपायचे. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर अंग टाकायचा. ढेकणाच्या दृष्टीने ती चोवीस तास उघडी असलेली खाणावळ. मग बाहेरचा माणूस म्हणणार, ही माणसंच घाणेरडी.

१९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये झोपडवस्त्या पाडून लोकांना नव्या घरांत हलवलं जात होतं. तेव्हा कित्येक ठिकाणी त्यांचं सामान आधी बंद गाडीत घालून हायड्रोजन सायनाइडच्या विषारी वायूची धुरी देत, मग नव्या घरी पोहोचवत. शास्त्र म्हणून ते बरोबरच होतं. पण नव्या घराच्या दारात आपलं सामान त्या गाडीतून उतरताना बघणाऱ्या बाईला काय वाटलं असेल, याचा विचार मी आता करतो.

चुकीचा आरोपी

या इतिहासात एक प्रकरण असं आहे, जिथे खुद्द ढेकणावरच खोटा आळ आला. आणि ते घडलं भारतात.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला काळा आजाराने आसाम आणि बंगालमध्ये हाहाकार माजवला होता. महिनोन् महिने ताप, पोटात वाढत जाणारी प्लीहा, काळवंडणारी त्वचा आणि उपचार नसेल तर बहुतेकदा मृत्यू. १९०३ मध्ये त्याचा परजीवी सापडला. १९०४ मध्ये लेनर्ड रॉजर्स यांनी तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. आता प्रश्न होता, हा एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो कोण?

संशय ढेकणावर गेला. घरातल्या घरात रोग पसरतो, ढेकूण घरातच असतो, रक्त पितो. सगळं जुळत होतं. १९०७ मध्ये मद्रासमध्ये डब्ल्यू. एस. पॅटन यांनी ढेकणाच्या पोटात हा परजीवी वाढताना पाहिला. पुरावा भक्कम वाटला. मग वर्षानुवर्षं ढेकणावरचे प्रयोग चालू राहिले.

पण परजीवी ढेकणाच्या पोटात जातो एवढंच खरं होतं. तो ढेकणाकडून माणसात जातो हे काही सिद्ध होईना. खरी गुन्हेगार निघाली वालुमाशी, डासाहूनही लहान, भिंतींच्या ओलसर भेगांत आणि गोठ्यांत राहणारी. १९४२ मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसाममध्ये स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून हे दाखवून दिलं. संशय ते निकाल यांत जवळजवळ चार दशकं गेली.

आजही स्थिती अशी आहे, की ढेकूण माणसांमध्ये कोणताही रोग पसरवतो याचा ठोस पुरावा नाही. तो झोप घालवतो, खाज देतो, डोकं फिरवतो. ते काही कमी नाही. पण तो डासासारखा खुनी नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवाले 'गिट' नावाचं साधन वापरतो. त्यात 'ब्लेम' अशी एक आज्ञा आहे. कोडची एखादी ओळ शेवटी कोणी बदलली ते ती सांगते. नव्या माणसाला वाटतं, ज्याचं नाव आलं त्यानेच घोळ घातला. दोन-तीन वर्षं काम केलं की कळतं, शेवटचा हात लावणारा आणि चूक करणारा हे वेगळे असू शकतात. हे मला ऑफिसात नीट माहीत होतं. घरी आलो की विसरलो.

डीडीटीची वीस वर्षं

ढेकणाविरुद्ध माणसाने काय काय केलं नाही? आपल्याकडे खाटा उन्हात टाकायच्या, लाकडाच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं, रॉकेलचा बोळा फिरवायचा. बाल्कन देशांत लोक रात्री जमिनीवर घेवड्याची पानं पसरून ठेवत आणि सकाळी ढेकणांसकट जाळत. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर त्या पानांवरची बारीक आकड्यांसारखी लव ढेकणाच्या पायांत घुसून त्याला जागीच अडकवते. आज्यांचं बरोबर होतं. पण हे सगळे उपाय कष्टाचे, आणि पुन्हा पुन्हा करायचे.

मग आलं डीडीटी. हे रसायन १८७४ मध्येच एका विद्यार्थ्याने तयार केलं होतं, पण त्याचा उपयोग कोणाला माहीत नव्हता. १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पॉल म्युलर यांनी ते कीटक मारतं हे शोधलं. १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. भिंतीवर एकदा फवारलं की महिनोन् महिने काम करत राहायचं. ढेकणासारख्या फटीतून येणाऱ्या-जाणाऱ्या प्राण्यासाठी तर हे भयंकरच. युद्धानंतर अमेरिका आणि युरोपात अशी एक पिढी वाढली, जिने ढेकूण फक्त पुस्तकात वाचला.

भारतात डीडीटी आलं ते मलेरियासाठी. तेव्हाच्या मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ पासून कॅनरा आणि धारवाड जिल्ह्यांत घरोघरी फवारणी सुरू केली. स्वातंत्र्याच्या सुमाराला देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि आठ लाख मरत असत, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. दिल्लीत सरकारी डीडीटी कारखाना उभा राहिला, पुढे आपल्या रायगड जिल्ह्यात रसायनीलाही. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला मलेरियाचे रुग्ण लाखाच्याही खाली आले.

यात ढेकणाचा संबंध काय? फवारणी करणारे गावात आले की मलेरिया कमी होतोय हे लोकांना डोळ्यांनी दिसत नसे. ताप न येणं ही काही दिसणारी गोष्ट नाही. पण ढेकूण मेलेले दिसत. त्या रात्री गाढ झोप लागे. डीडीटीची लोकप्रियता बऱ्याच अंशी या फुकट मिळालेल्या झोपेवर उभी होती.

आणि तिथेच ती कोसळली. १९४७ मध्येच हवाई बेटांवर पर्ल हार्बरच्या नौदलाच्या बराकींत डीडीटीला दाद न देणारे ढेकूण आढळले. (योगायोग असा, की त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हार्वर्डच्या मार्क टू संगणकात एक पतंग अडकलेला सापडला आणि तो चिकटपट्टीने वहीत डकवला गेला. आमच्या धंद्यातला सगळ्यात प्रसिद्ध 'बग' तो. पण बिघाडासाठी हा शब्द एडिसनच्या काळापासून होता, आणि त्याच्याही आधी इंग्रजीत 'बग' म्हणजे मुख्यतः ढेकूणच.) पुढच्या दशकात भारतासह अनेक देशांत तेच झालं. डीडीटी मारेनासं झालं, पण ढेकणांना त्याने चेव मात्र यायचा. फवारणी झाली की ते फटींतून बाहेर पडून जास्तच हिंडायचे. लोकांना वाटायला लागलं, हे फवारणीवालेच ढेकूण आणतात. आरोपी पुन्हा बाहेरचा. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू भागात तर १९८० च्या दशकात याच कारणाने लोकांनी मलेरियाची फवारणी नाकारली.

भारतात १९७६ मध्ये मलेरियाचे रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले. त्याची मुख्य कारणं वेगळी होती: डासांतली प्रतिकारशक्ती, औषधांचा आणि पैशांचा तुटवडा, यंत्रणेतली ढिलाई. पण ज्या माणसाच्या दारात आपण औषध घेऊन जातो, त्याच्या रोजच्या झोपेचा हिशोब कागदावर नसला तरी औषधाच्या यशात तो धरावा लागतो, हा धडा ढेकणाने दिला.

तेच कुलूप

गेल्या पंचवीसेक वर्षांत न्यूयॉर्कपासून सिडनीपर्यंत ढेकूण परत आले. का? स्वस्त प्रवास, जुन्या फर्निचरची खरेदी-विक्री ही कारणं आहेतच. पण एक कारण थेट डीडीटीपर्यंत जातं.

कीटकाच्या चेतापेशीच्या भिंतीत सोडियमची सूक्ष्म दारं असतात. दार उघडलं की संदेश जातो, बंद झालं की थांबतो. डीडीटी हे दार उघडंच अडकवून ठेवतं. संदेश थांबतच नाहीत, कीटक थरथरून मरतो. ज्या थोड्या ढेकणांमध्ये या दाराची घडणच जरा वेगळी होती, ते वाचले आणि त्यांचीच प्रजा वाढली. नंतर डीडीटी मागे पडलं आणि पायरेथ्रॉइड गटाची औषधं आली. आज बाजारातले बरेच घरगुती फवारे याच गटातले आहेत. रसायन नवं, पण ते काम करतं त्याच दारावर. आपण नवी किल्ली आणली, पण ढेकणांनी कुलूप आधीच बदललेलं होतं.

म्हणून फवाऱ्याचा डबा आणून गादीवर मारला की बऱ्याचदा दोन गोष्टी होतात: काही ढेकूण मरतात, आणि बाकीचे शेजारच्या खोलीत जातात.

२०२३ च्या शरद ऋतूत पॅरिसमधल्या ढेकणांचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील. मेट्रोतली सीट, सिनेमागृहातली खुर्ची. ऑलिंपिक तोंडावर. फ्रान्समध्ये एका वृत्तवाहिनीवर चर्चा कुठे पोहोचली? स्थलांतरितांपाशी. मार्च २०२४ मध्ये फ्रान्सचे युरोपविषयक मंत्री म्हणाले, की या घबराटीला रशियाशी संबंधित खात्यांनी हवा दिली होती, आणि ढेकणांचा संबंध युक्रेनच्या निर्वासितांशी जोडणारा खोटा मजकूर पसरवला गेला होता.

ढेकूण खरे होते. गोष्ट दमनकाची होती.

माझ्याच पलंगात

रूममेट गेल्यावर महिनाभरानेही माझ्या अंगावर गांधी उठतच होत्या. शेवटी आम्ही पैसे काढून पेस्ट कंट्रोलवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी आधी औषधाचा पंप उघडलाच नाही. स्क्रू ड्रायव्हर काढला. माझ्या पलंगाची डोक्याकडची फळी उघडली आणि मला वाकून बघायला सांगितलं.

फळीच्या मागे पेनने टिंबं मारावीत तसे काळे ठिपके, शेकड्यांनी. पांढुरकी अंडी. लहान-मोठ्या आकाराच्या कातींचा थर, पाचही टप्प्यांच्या. काका म्हणाले, "हे महिन्या-दोन महिन्यांचं काम नाही. पलंग नवा घेतला होता का?"

पलंग मी त्याआधीच्या वर्षी ऑनलाइन जुना घेतला होता. साडेतीन हजारांत मिळाला म्हणून सगळ्यांना सांगत फिरलो होतो.

मग मला तोपर्यंत चावे का दिसले नाहीत? कारण चाव्यावर उठणारी गांधी ही आपल्या शरीराची प्रतिक्रिया असते. ती अनेकांमध्ये सुरुवातीला येतच नाही, वारंवार चावे झाल्यावर येऊ लागते. काही माणसांच्या अंगावर कधीच काही उठत नाही. म्हणजे माझी त्वचा हा सदोष लॉग होता. त्यात नोंद उशिरा झाली, आणि मी नोंदीची तारीख हीच घटनेची तारीख धरली. "मला चावला नाही," असं तो म्हणाला तेव्हा तो खोटं बोलत नव्हता. त्यालाही चावत असणार, नुसतं दिसत नव्हतं.

आणि ती गोधडी. समजा तिच्यात ढेकूण असते, तरी ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुतली असती तर अंड्यांसकट सगळे मेले असते. फेकायची गरजच नव्हती.

ढेकणांवर आज जे उपाय खरोखर चालतात ते जुन्याच वळणाचे आहेत: उष्णता, वाफ, फटी बुजवणं, पलंग सुटा करून तपासणं, प्रशिक्षित माणसाकडून दोन-तीन वेळा काम करून घेणं. आणि सगळ्यात आधी, शेजाऱ्यांना सांगणं. ढेकूण भिंतीतून, वायरच्या नळीतून एका घरातून दुसऱ्या घरात जातो. एकाच घराने औषध मारून भागत नाही. पण सांगणार कोण? सांगितलं की लोक तुमच्या घरी बसायचे थांबतात. म्हणून प्रत्येक जण गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्याच्या काळात ढेकूण मजला बदलतो.

गेल्या वर्षी मी त्याला मेसेज केला. पलंगाचं सगळं सांगितलं, फोटो पाठवला, माफी मागितली. निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर दोन दिवसांनी आलं.

"ठीक आहे. माझ्या नवीन रूमवर पण झाले होते नंतर. चार महिने त्रास झाला. मी कोणाला सांगितलं नाही."

माझ्या पलंगातले ढेकूण त्याच्या बॅगेतून तिकडे गेले होते. आणि तो गप्प बसला होता, कारण सांगितल्यावर काय होतं ते त्याने आमच्या हॉलमध्ये पाहिलं होतं.